खंडेनवमीचं खोकं

काळूराम माणूस असा, की खाटेवर टेकला तर खाट कुरकुरायच्या आत उठेल. टेम्पो विकून कितीतरी वर्षं झाली, तरी पाय क्लच-ब्रेकवर असल्यासारखे हलत असतात. पहाटे अंगण झाडायचं, झाडलेलं पुन्हा झाडायचं, बायकोनं, येसूबाईनं, ठेवलेला हंडा उचलून भलतीकडे ठेवायचा आणि ती कावली की रेवदंड्याच्या बाजारात एक चक्कर मारून यायची.

त्याचं उभं आयुष्य कॉम्प्युटर वाहण्यात गेलं. चालवण्यात नव्हे, वाहण्यात. अलिबागेत पहिल्यांदा ही यंत्रं आली तेव्हा दुकानदार काळूरामचाच टेम्पो बोलवायचा. टीव्हीपेक्षा जड मॉनिटर खांद्यावर घेऊन तो वकिलांचे जिने चढायचा. वर एसीची खोली, दाराशी चपला काढायची सक्ती आणि यंत्रासाठी खास शिवून घेतलेलं झाकण. देवघरातसुद्धा एवढं सोवळं नसेल. भलीभली माणसं 'सावकाश, काळूराम' म्हणत पुढेमागे धावायची, आणि तेवढ्यापुरता तोच त्या घरातला मोठा माणूस व्हायचा. मग मॉनिटर चपटे झाले, काखेत दोन मावायला लागले. मग लॅपटॉप आले. एके दिवशी दुकानातला नोकर स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून निघून गेला, आणि काळूरामला कुणी बोलावलंच नाही. ज्याला वजन नाही ती वस्तू कसली, हे तेव्हापासून त्याचं ठाम मत.

आणि आता गंमत बघा. सून प्रणालीनं पनवेलहून येताना जो कॉम्प्युटर आणला, तो पानाच्या डब्याएवढा. कंपनीनं दिलेला. ती घरांचे नकाशे काढते. डबा टीव्हीला जोडला की झालं तिचं ऑफिस. त्या डब्यामुळेच ती, मुलगा दिपेश आणि नात आपल्याकडे राहायला आली, असं काळूरामनं धरलेलं. घर भरलं, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही. डब्याला काही झालं तर बिऱ्हाड परत पनवेलला जाणार. एवढ्याशा खोक्यावर आपलं भरलेलं घर टांगलंय, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना. येता-जाता तो दारातून डोकावायचा, डबा जागेवर आहे ना बघायचा.

खंडेनवमीला त्यानं पाटावर हत्यारं मांडली. कोयता, पाना, हातोडी, विकलेल्या टेम्पोची जपून ठेवलेली जादा चावी. सुनेचं हत्यारही हवंच, म्हणून हटून बसला. तिनं हसत वायरी काढून डबा दिला. त्यावर हळदकुंकू वाहून त्यानं झेंडूचा ढीग घातला. पुजलेलं हत्यार रात्रभर उचलायचं नाही, हा त्याच्या घरचा नेम.

दसऱ्याच्या पहाटे तो सवयीनं सगळ्यांआधी उठला. कोयता भिंतीला, पाना-हातोडी पेटीत, चावी खिळ्याला. उरलेला ओल्या झेंडूचा ढीग, पानं, सुपाऱ्या जुन्या फडक्यात बांधून खाडीत सोडून आला. परत येऊन चहाचा पहिला घोट घेतोय तोच आतून प्रणालीनं विचारलं, माझा कॉम्प्युटर कुणी उचलला का? तिला संध्याकाळपर्यंत नकाशे द्यायचे होते. गिऱ्हाईक परदेशातलं, त्याला कुठला दसरा.

काळूरामला पहाटेचं गाठोडं आठवलं. खांद्यावरच्या ओझ्यावरून खोक्यात काय आहे ते ओळखणारा माणूस तो, आणि झेंडू एवढा जड कसा, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. कप तसाच ठेवून तो खाडीकडे सुटला.

खाडी भरतीनं तुडुंब भरलेली. धक्क्याच्या पायऱ्यांशी दोन-चार झेंडू हेलकावत होते, गाठोड्याचा पत्ता नाही. ओहोटी लागेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि काही न करणं हीच तर त्याची सगळ्यात मोठी शिक्षा. तो धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. मासळी वाळत घालणाऱ्या भागुबाईनं काय हरवलं म्हणून विचारलं, तर त्याला सांगवेना. ती म्हणाली बस जरा, पाणी काय तुझ्या घाईनं जायचं नाही. तो बसला नाही.

पाणी उतरलं तसा तो गुडघाभर चिखलात शिरला. फडकं एका खुंट्याला अडकलेलं होतं. आत डबा होता. उचलला तर त्यातून पाणी गळालं. रडू आवरत त्यानं तो दोन्ही हातांवर धरला आणि बाजारातून घरापर्यंत तसाच सावकाश चालत आणला. वकिलाच्या जिन्यावरून मॉनिटर नेला होता, अगदी तसा.

घरी येसूबाई दारातच उभी होती. आत प्रणाली दिपेशच्या लॅपटॉपवर नकाशा काढत बसलेली.

"म्याच टाकला," काळूराम म्हणाला. "निर्माल्यात. आता तुमी जाल."

प्रणाली उठली, डबा त्याच्या हातातून घेतला. कंपनीची बोलणी तिची फोनवर खाऊन झाली होती. नकाशे डब्यात नव्हतेच, ते कंपनीकडे साठवलेले असतात, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात, असं तिनं त्याला समजावलं. डबा दुसरा येईल.

सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी काळूराम आणखीच घाबरला. डब्यावर निदान नजर तरी ठेवता येत होती.

"म्हणजे हे काम कुठंबी बसून व्हतं?"

"कुठंही होतं, बाबा. पनवेललाही होतच होतं की. इथं यायचं आम्ही ठरवलं."

काळूराम पडवीच्या पायरीवर बसला. येसूबाईनं पाय धुवायला पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. चिखल पायांवर वाळला, नात येऊन मांडीवर बसली, उठून गेली, तरी तो हलला नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच येसूबाईला त्याला ऊठ म्हणावं लागलं.