स्क्रीन बंद केली, मेल उघडाच राहिला

शेगावात स्टेशनच्या वाटेवर मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या ताई नसत्या, तर माझी दहावी याही वर्षी राहिली असती.

मी गडचिरोलीकडची, सातवीनंतर शाळा सोडलेली. इथे एका लॉजवर खोल्या आवरते. बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसायचं म्हणून मी परीक्षा केंद्राला गुपचूप मेल केला होता. एक दिवस मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मॅडम, कलेक्टर होऊन राह्यल्या म्हणे?" मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुकानात जाऊन हे सांगितलं, तेव्हा ताईंनी विचारलं, "मेल कुठं उघडलता?"

"लॉजच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर. पण स्क्रीन बंद केली होती." वीज वाचवायला आम्ही सगळे तेच करतो.

"अवं माय, दार लोटलं तू, कडी कोन लावन?"

माझ्याच मोबाईलवरून त्यांनी बाकी सगळीकडचा मेल बंद करायला लावला. मी नवा पासवर्ड टाकताना त्या तोंड फिरवून बसल्या. "मले बी सांगू नको." मग डिलीट झालेले मेल बघायला लावले. केंद्राचं उत्तर तिथे पडलं होतं! अर्जाची मुदत अजून होती.

"आता सुट्टी तूच माग. लपवशीन त आणखी भेव दाखवन तो मॅनेजर."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना एका दमात सांगितलं, परीक्षेला सुट्टी हवी आणि माझा मेल परत वाचू नका. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या."

अर्ज गेलाय, धाकधूक आहेच. ताईंचीही दहावी राहिलीय, गणितापायी. मी पास झाले की त्यांना समोर बसवून गणित शिकवीन.