काकानं चढवलेला गंज

पनवेलचा तुळशीरामकाका बंदुका दुरुस्त करतो. मी त्याच्याच हाताखाली, नवाच. उलव्याच्या देवेशशेठनं आपल्या आजोबांची एका गोळीची रायफल दुरुस्तीला दिली, वर पितळी दुर्बीण. काकानं दुर्बिणीच्या काचा बसवल्या, मग महिनाभर नळीवर मुद्दाम गंज चढवला. जुन्या नळीला तपकिरी रंग तसाच देतात. मला काय माहीत? खंडेनवमीच्या पूजेला चांगली दिसावी म्हणून मी पॉलिश पेपरनं घासून ती चकचकीत केली.

शेठ भडकला. "म्हातारा झालास काका, दिसत नाय तर धंदा बंद कर!"

"चुकलं माजं शेठ," काका माझं नाव न घेता म्हणाला. "परत करून देतो."

शेठ न ऐकता रायफल घेऊन निघाला तेव्हा मी बाईक काढली, सिग्नलला त्याच्या गाडीची काच ठोकली. "शेठ, मी घासली ती. काकानं नाय."

शेठ हसला. "म्हाताऱ्यानं पढवून पाठवला काय रे?"