सुनेत्रा बीचवरची कोजागिरी

विजयमाला शिर्के हिने आयुष्यात एकाच माणसावर सूड उगवला, पण उगवला तो अगदी मन लावून. अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही.

तो माणूस म्हणजे तिचे थोरले दीर, फत्तेसिंहराव. सयाजीगंजात पहिल्या मजल्यावर त्यांची सहल कंपनी होती. एक्क्याण्णव-ब्याण्णवनंतर बडोद्याच्या लोकांच्या अंगात एकाएकी फिरण्याचं वारं शिरलं. ज्यांची आजवरची धाव डाकोर आणि पावागडपर्यंत, ते उटी-मसुरीच्या गोष्टी करू लागले, आणि फत्तेसिंहरावांनी हे बरोबर हेरलं. तेवढी अक्कल त्यांना होती, नाही म्हणता येणार नाही.

विजयमालाचा नवरा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होता. तो गेल्यावर ती तरसालीच्या दोन खोल्यांत एकटी उरली, तेव्हा फत्तेसिंहराव म्हणाले, "घरात बसून भिंती काय बघतेस? ऑफिसात ये. घरचंच आहे." घरचंच हा त्यांचा लाडका शब्द. घरचंच म्हणून तिने तिकिटं काढली, म्हाताऱ्यांच्या गोळ्या सांभाळल्या, बसमध्ये उलट्या करणाऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, स्वयंपाकी महाराजांच्या मागे लागून वेळेवर चहा करवून घेतला. आमच्याकडच्या सहलीत समुद्र नसला तरी चालतो, महाराज लागतातच. आणि घरचंच म्हणून तिचं नाव कुठे कधी लिहिलं गेलं नाही.

सगळ्यात जास्त खेपा दीवच्या व्हायच्या. पुरुषमंडळी दीवला कशासाठी जातात हे त्यांच्या बायकांनाही ठाऊक असतं. गुजरातेत जे लपूनछपून प्यावं लागतं ते तिथे उघड मिळतं. बायका-मुलं नागोआच्या वाळूत उंटावर बसायची. दुपारी जेवून सगळे आडवे झाले, की विजयमाला चपला हातात घेऊन किनाऱ्याने चालायला लागायची. पहिल्यांदा नुसतीच, "ताई, गरम पाणी कुठे?" या प्रश्नापासून चार घटका सुटका म्हणून. मग तिला चटकच लागली.

बेट ते केवढंसं, पण त्याला खडकांची टोकं किती! एक टोक ओलांडावं तर पलीकडे वाळूची नवी पट्टी. एका पट्टीवर शिंपल्यांचा नुसता खच, एकीवर कासवाच्या पायांच्या खुणा, एकीवर दोन फांट्यांची होक्याची ताडासारखी झाडं पाण्याकडे झुकलेली. माणूस म्हणून नाही. तिथे ती पदर खोचून, पाय पाण्यात सोडून बसायची. नवरा गेल्यापासून तिच्याकडे कोणी काही मागत नाही अशी ती एकच जागा होती, आणि तिथे ती खरोखर सुखी होती.

त्या सगळ्यांत देखणी जागा पार पलीकडे, समुद्रात घुसलेल्या एका खडकाच्या सोंडेमागे. ओहोटीला त्या सोंडेला वळसा घालून जाता यायचं. आत अर्ध्या चंद्राच्या आकाराची वाळू आणि तिन्ही बाजूंना उभे कडे. एका अमावास्येला पहाटे ती तिथे गेली आणि अडकली. बघता बघता सोंडेपाशी कमरेच्या वर पाणी आलं, मग वाळूच दिसेनाशी झाली. शेवटी काट्यांच्या जाळीमागे बकऱ्यांची एक वाट सापडली, त्या वाटेने ती गुडघे फोडून घेत वर आली. त्या दिवशी तिला कायमचं कळलं की अष्टमीच्या आसपास हा समुद्र गरीब गाय असतो, अमावास्येला-पुनवेला मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळे किनारे तिने आपण होऊन फत्तेसिंहरावांना दाखवले. चूक म्हणायची तर हीच. ते हरखले. "विजयमाला, ही सहल तुझी! जाहिरातीत तुझं नाव घालू." सोंडेमागच्या किनाऱ्यावर ती त्यांना घेऊन गेली ती भर दुपारी, तीही अष्टमीला. ती सांगू लागली, "भाऊसाहेब, इथे यायचं तर तिथी बघून..." तर ते फोटोवाल्यासमोर विजारीचे पाय दुमडून उभे राहत म्हणाले, "ते बाकीचं मी बघतो गं."

पत्रक छापून आलं. वर फत्तेसिंहराव, कमरेवर हात. खाली अक्षरं: 'दीवचे अज्ञात किनारे – फत्तेसिंहरावांची शोधयात्रा.' सोंडेमागच्या किनाऱ्याला त्यांनी आपल्या बायकोचं नाव दिलं होतं, सुनेत्रा बीच. या सुनेत्राबाई दीवला एकदाच आल्या होत्या आणि पायाला वाळू लागते म्हणून हॉटेलच्या ओसरीवरून उतरल्या नव्हत्या. विजयमालाचं नाव पत्रकात कुठेच नव्हतं, अगदी बारीक अक्षरांतही नव्हतं.

तिने विचारलं. सगळ्या ऑफिससमोर विचारलं.

"अगं, घरचंच तर आहे," फत्तेसिंहराव हसले. "नाव माझं काय, तुझं काय."

"मग माझंच घालायचं होतं."

त्यांचं हसू मावळलं. "किनाऱ्यावर चालायला काय अक्कल लागते? पाय लागतात फक्त."

समोर बसलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. विजयमाला पर्स उचलून जिना उतरली ती उतरलीच. तिने एका शाळेच्या वाचनालयात काम धरलं. कोणाचा राग आठवड्यात उतरतो, हिचा लोणच्यासारखा मुरत गेला. पोळी भाजताना, पुस्तकांना पुठ्ठे घालताना, देवापुढे हात जोडतानासुद्धा तिच्या कानात ते वाक्य वाजायचं. देवाकडे ती दुसरं काही मागत नव्हती. या माणसाची चारचौघांत फजिती होऊ दे आणि ती बघायला मला जागं ठेव, एवढंच.

अठ्ठ्याण्णव सालच्या आश्विनात देवाने ऐकलं. स्टेशनासमोर फलक लागला: 'यंदाची कोजागिरी सुनेत्रा बीचवर! चंद्र, समुद्र आणि केशरी दूध.'

विजयमालाने तो पुन्हा पुन्हा वाचला आणि भर रस्त्यात तिला हसू आवरेना. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की पुनवेला समुद्राला उधाण येतं. पण बडोद्याला समुद्र कुठे आहे? आमच्याकडे पाणी म्हणजे विश्वामित्री आणि सुरसागर, आणि कोजागिरी म्हणजे गच्ची, सतरंजी आणि आटवलेलं दूध. फत्तेसिंहरावांनी गच्ची उचलून समुद्रात नेऊन ठेवली होती. एक वाक्य सांगितलं असतं तरी काम झालं असतं. ती सयाजीगंजातल्या ऑफिसाचा जिना चढून वर गेली, ते वाक्य गिळलं आणि एक तिकीट मागितलं.

"घरच्या माणसाला तिकीट कसलं?" फत्तेसिंहराव पाघळून म्हणाले. त्यांना वाटलं, बाई नमली.

"नको, भाऊसाहेब. गिऱ्हाईक म्हणून येते."

तिला माणूस बुडवायचा नव्हता. बकऱ्यांची वाट तिला पाठ होती. वेळेला ती सगळ्यांना वर काढणारच होती. पण आधी त्याने चारचौघांत तिच्यापुढे हात जोडायला हवे होते. किनाऱ्यावर चालायला काय लागतं, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

बसमध्ये पाय ठेवते तो पहिल्याच बाकावर प्रेमलाबाई गुप्ते. दांडियाबाजारात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी बेजार, पण विजयमालाची एकही सहल त्यांनी कधी चुकवली नव्हती. तिला बघताच त्यांनी तिचा हात धरून शेजारी बसवलं.

"तू आहेस? अगं बाई, जीव भांड्यात पडला माझा. मगाचपासून विचार करतेय, उतरून परत फिरावं का. या फत्तेसिंहरावांचं काही खरं नाही. आता तू आहेस ने, मग काळजी नाही."

 'प्रेमलाबाई, उतरा, घरी जा,' हे शब्द विजयमालाच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यात बसचा माइक खरखरला आणि फत्तेसिंहरावांचा आवाज आला, "मंडळी, आपल्या विजयमालाबाईसुद्धा आल्यात हं, आमचा शोध बघायला!" बसमध्ये टाळ्या पडल्या. तिचे ओठ पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस रस्त्यावर सोडून सगळे खाली किनाऱ्याकडे निघाले. पुढे फत्तेसिंहराव, मागे पातेली आणि शेगडी घेतलेले महाराज, मग सतरंज्या, मग बडोद्याहून आणलेला बटाट्याचा लिलो चेवडा खात चाललेली मंडळी. वाटेत जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या खारव्याने मान वर केली.

"साहेब, आजे तो पूनम छे!"

विजयमाला फत्तेसिंहरावांकडे बघू लागली. आता हा विचारणार, आता याच्या डोक्यात प्रकाश पडणार.

"एटले ज तो आव्या छीए, काका!" पुनवेसाठीच तर आलोय, असं फत्तेसिंहरावांनी ठणकावून सांगितलं, आणि मंडळी हसत पुढे गेली. म्हातारा ओरडून आणखी काही म्हणत होता, पण हसण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. विजयमालाने ऐकलं. तिने मान खाली घातली आणि प्रेमलाबाईंना सोंडेच्या निसरड्या दगडांवरून हात धरून पलीकडे नेलं.

वाळू लांबच लांब पसरली होती. सूर्य बुडतो न बुडतो तोच चंद्र वर आला, आणि फत्तेसिंहराव असे काही मिरवले की जणू तोही त्यांनीच शोधला होता. सतरंज्या अंथरल्या, दुधात केशर पडलं, कोणीतरी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. विजयमाला गात नव्हती. ती पाण्याची कड बघत होती. कड एका काळ्या दगडापाशी आली, दगड भिजला, बुडाला. भेंड्या चालूच. सोंडेपाशी फेस उडायला लागला. तिला आतून उकळ्या फुटत होत्या. वर्षभरात इतका आनंद तिला झाला नव्हता.

पहिली चप्पल वाहून गेली तेव्हा सगळे हसले. मग एक सतरंजी भिजली. मग महाराजांची शेगडी चर्र करून विझली आणि पुढच्याच लाटेने दुधाचं पातेलं उलटं केलं. केशरी दूध वाळूत जिरलं, आणि बायका किंचाळल्या.

"चला, परत चला!" फत्तेसिंहराव सोंडेकडे धावले. छातीभर पाण्यातून लाटेने त्यांना उचललं आणि खडकावर आपटून परत टाकलं. ते आले तेव्हा एक बूट नव्हता, चष्मा नव्हता. सगळे कड्याला पाठ लावून उभे राहिले. पाणी पोटऱ्यांना लागत होतं. "फत्तेसिंहराव, वाट कुठे आहे?" लोक ओरडत होते. "शोध तुमचा ना? मग वाट दाखवा!"

त्यांना वाट ठाऊक नव्हती. त्यांनी चाचपडत माणसांतून विजयमालाला शोधलं आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"विजयमाला, तुला ठाऊक असेल. दाखव गं. पाया पडतो."

"मला काय ठाऊक असणार, भाऊसाहेब? चालायला पाय लागतात फक्त."

"चुकलो मी. किनारे तुझे आहेत. सगळे तुझेच आहेत. माझी अक्कल नाही ही, तुझी आहे." ते मोठ्याने, रडत बोलले.

तिने ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतलं. मधे एक लाट येऊन गेली, तरी घाई केली नाही. मग वळून काट्यांची जाळी बाजूला केली आणि म्हणाली, "एकामागे एक या. डावा हात कड्याला."

सगळे वर आले. कोणाचं काही गेलं नाही, चपला-सतरंज्या सोडून. प्रेमलाबाईंना तिने जवळजवळ उचलूनच आणलं. त्यांचा गुडघा सोलवटला होता आणि रक्त पोटरीवरून खाली आलं होतं. वर माळावर लोकांनी विजयमालाला घेरलं. कोणी तिचे हात हातात घेतले, कोणी देवीच म्हटलं. फत्तेसिंहराव लांब एका दगडावर एका बुटाने बसले होते. विजयमालाने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. झालं होतं. मागितलं होतं त्याहून जास्त झालं होतं.

बस बरीच दूर होती आणि माळ खाचखळग्यांचा. प्रेमलाबाई तिच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत चालल्या होत्या. बरंच अंतर तशाच गेल्या. मग थांबल्या.

"विजयमाला, तुला ही वाट ठाऊक होती."

"हो."

"म्हणजे पाणी चढणार हेही ठाऊक होतं." त्या वर्गात विचारायच्या तशाच शांतपणे विचारत होत्या. "कधीपासून?"

आजूबाजूची माणसंही थांबली. खोटं बोलणं अवघड नव्हतं. पण या एका बाईशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि तिला वाटलं, निदान ह्यांना तरी कळेल.

"फलक वाचला तेव्हापासून," ती म्हणाली. "प्रेमलाबाई, त्याने माझं काय केलं ते तुम्हाला—"

"मला ठाऊक आहे त्याने काय केलं. तो मूर्ख आहे." प्रेमलाबाईंनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "मी बसमधून उतरणार होते, गं. तुला बघून बसले."

त्या आपल्या आपण दोन पावलं चालल्या, कळ आली तशा वाकल्या. विजयमाला पुढे झाली, तर त्यांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली आणि मागे वळून हाक मारली.

"फत्तेसिंहराव, जरा हात द्या हो मला."

सगळ्यांच्या मागून येत असलेले फत्तेसिंहराव एका बुटाने ठेचकाळत, विजयमालाच्या शेजारून पुढे गेले. प्रेमलाबाईंनी त्यांचा हात धरला. मग बाकीचे सगळे त्या दोघांच्या मागून बसकडे चालायला लागले.