नव्या बादल्या कचऱ्याला नाहीत

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. भोंगा ओरडत होता, ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका कचरा निळ्या बादलीत. बायका घराघरांतून निघत होत्या आणि एकीच्याही हातात बादली नव्हती. कुणाकडे फाटकी थैली, कुणाकडे खताचं रिकामं पोतं, एकीकडे बुडाला भोक पडलेलं घमेलं. त्यात सगळं एकत्र. भाजीचे देठ, दुधाची पिशवी, डायपर, फुटलेली कपबशी.

ड्रायव्हर मनोहरने खिडकीतून डोकं काढलं. "मुकादम, मागच्या हप्त्यात आपण घरटी दोन बादल्या वाटल्या ना? का सपनात वाटल्या?"

मी नगरपंचायतीत सफाई मुकादम होतो. मुकादम म्हणजे झाडणारे, नालीवाले, गाडीवाले यांची हजेरी घेणारा आणि साहेबांचं ऐकून घेणारा. शिक्षण चौथी. घरी माग होता, विणकाम बसलं तसा नोकरीला लागलो. रिटायर झालो. मग बायको गेली. भिंतींकडे पाहत बसायचा मला कंटाळा आला होता, तेवढ्यात आरोग्य निरीक्षक साहेबांनी बोलावलं. नवीन पद्धत सुरू करायची होती आणि आमची विणकर गल्ली मला तोंडपाठ. म्हणून पुन्हा गाडीवर चढलो.

नवीन पद्धत सोपी होती. आधी कोपऱ्यावर कुंडी होती. ज्याला जे वाटेल ते त्यात टाकायचा, अर्धं आत, अर्धं बाहेर. ती कुंडी उचलली. आता गाडी दारापर्यंत. ओला कचरा रोज, म्हणजे स्वयंपाकघरातला, जो कुजतो तो. सुका कचरा बुधवार आणि शनिवार, म्हणजे कागद, प्लास्टिक, काच. ऑफिसात याला सेग्रिगेशन म्हणतात. मी निवडणं म्हणतो. बाई तांदूळ निवडते तसं.

ओला कचरा शेडवर जातो. शेड जुनीच, आधी तिथे बाजाराचा भाजीपाला यायचा. तिथे टाक्यांत तो कुजवून खत करतात. शेडवर पाच बाया कामाला. माझी बायकोही तिथेच होती, शेवटपर्यंत. साहेबांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "मुकादम, महिनाअखेर मी शेड पाहायला येणार. तेव्हा ओला कचरा स्वच्छ नसेल तर शेड बंद. सगळा माल डंपिंगला. बायांचं काम संपलं."

त्या सकाळी आम्ही शेडवर जे ओतलं ते पाहून येनूबाई खाली बसली. येनूबाई त्या पाच जणींतली म्होरकी, माझ्या बायकोची जोडीदारीण.

"भाऊजी, हे काय आणलं?"

"कचरा आणला. अजून काय आणू?"

"यात काच हाय. सुया हायेत. हे हातानं निवडाचं असन तं गाडी फिरवता कायले? अन् शेड बंद झाली तं मी कुठं जाऊ? माह्या घरी कमावणारी मी एकटीच."

मी शेडच्या बाहेर आलो. 

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "दंड लावा. नोटिसा काढा. लोक ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, आधी बादल्या कुठं गेल्या ते तं पाहू द्या. चोराले पकडाच्या आधी माल शोधतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरोघर फिरलो. पहिल्या घरी हिरव्या बादलीत तुरीची डाळ, वर स्वच्छ फडकं. दुसऱ्या घरी दोन्ही बादल्या आढ्याला टांगलेल्या, पोरीच्या लग्नात द्यायच्या म्हणून. तिसऱ्या घरी निळ्या बादलीत सूत भिजत होतं. चौथ्या घरी बादल्या नव्हत्याच. त्या अड्याळ गावाला गेल्या होत्या, बारशाच्या पंगतीत वरण वाढायला.

पाचव्या घरी दुर्गा. ती मला काकाजी म्हणते आणि तोंडाची फटकळ आहे. तिच्या बादल्या देवघराखाली, दोन्हींना हळदकुंकवाची बोटं ओढलेली.

"काव दुर्गा, हे कचऱ्याचे डबे हायेत."

"कोऱ्या बादलीत कचरा? काकाजी, नवी वस्तू घरात आली तं पयले तिले हळदकुंकू लावतो. लावलं. आता तिच्यात मी मासोळीचे काटे टाकू?"

"त्याच्यासाठीच देल्या."

"मंग जुन्या द्याच्या होत्या! नव्या कोऱ्या, चकचकीत, झाकणाच्या बादल्या, साहेब लोकायनं हार घालून फोटो काढून देल्या. अन् आता म्हणता घाण टाक. आम्हाले काही समजते का नाही?"

चार-पाच बायका गोळा झाल्या. सगळ्या हसायला लागल्या. मीही आवाज चढवला. शेड बंद होईल, बाया घरी बसतील, सगळं सांगितलं. दुर्गा शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुमच्या घरच्या दोन बादल्या कुठं हायेत?"

"हायेत घरी."

"कचऱ्याच्या?"

मी उत्तर द्यायच्या आत ती निघाली. माझं घर तिच्यापासून तिसरं. बायका तिच्या मागे, मी बायकांच्या मागे. तिने स्वयंपाकघरात जाऊन हिरव्या बादलीचं झाकण काढलं. तांदूळ. निळीचं काढलं. तांदूळ.

मुकादमाच्याच घरी ही गत. खोटं काय सांगू.

बायको होती तोवर तांदूळ ताटात येतो एवढंच मला माहीत होतं. तो घरात कशात राहतो, त्यात काय घालून ठेवतात, कधी उन्हात टाकतात, कशाचा पत्ता नव्हता. ती गेल्यावर पिंपातल्या तांदळाला किडे झाले. एकोडी गावाहून साळ्याने नवीन तांदूळ पाठवला. समोर कोऱ्या बादल्या होत्या, ओतला. त्या कचऱ्याच्या आहेत हे मी गावाला सांगत फिरत होतो आणि माझ्याच डोक्यात आलं नाही.

हे मी त्यांना सांगितलं. मग कुणी हसलं नाही. दुर्गाने मूठभर तांदूळ वर-खाली करून पाहिला, झाकण नीट दाबून बसवलं आणि म्हणाली, "निंबाचा पाला टाका याच्यात. टिकन."

बायका गेल्या. मी ओट्यावर बसलो. दुर्गाचं बोलणं डोक्यातून जाईना. जुन्या द्यायच्या होत्या. बाई चुकीचं बोलली नव्हती. आमच्याकडे नव्या भांड्याचा मान असतो. आणि जुनं भांडं? ते प्रत्येक घरात मागच्या अंगणात पडलेलं असतं. कान तुटलेली बादली, चेपलेलं घमेलं, तेलाचा डबा. भांडेवाली येईल, बदल्यात एखादी वाटी देईल म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेलं. ती वाटी काही येत नाही.

ऑफिसच्या स्टोअरमध्ये भिंतीवर घोषणा लिहून उरलेला ऑइलपेंट होता. हिरवाही होता, निळाही. स्टोअरवाल्याला न विचारता दोन्ही डबे उचलले. विचारलं असतं तर त्याने अर्ज मागितला असता.

मग गल्लीत दारोदार. "माय, दोन जुनी भांडी काढ. नवी तुह्यापाशीच राहू दे." लगेच निघाली. एकाला हिरवा पट्टा, दुसऱ्याला निळा. मी दारातच बसून ओढायचो. दोन दिवसांत गल्ली पूर्ण. बोटं चार दिवस हिरवी-निळी होती.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. एका तेलाच्या डब्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मुकादम, हे काय? मला वर फोटो पाठवायचे आहेत. सगळीकडे एकसारख्या बादल्या दिसायला पाहिजेत."

"एकसारख्या आत हायेत साहेब. डाळ-तांदूळ घालून. बोलावू का बाहेर?"

साहेबांनी फोटो काढला. डब्याचा नाही, पट्ट्याचा. एकदम जवळून.

सगळं काही एका दिवसात सुधारलं नाही. ज्याच्या डब्याला भोक होतं त्याचं पाणी रस्त्यावर गळायचं, मग बुडाला पेपर घालायला सांगितलं. झाकण नव्हतं तिथे कुत्र्यांनी मजा केली. एक गुरुजी रोज हिरव्या पट्ट्याच्या डब्यात औषधांच्या बाटल्या टाकायचे. मनोहरने त्यांचा डबा भरलेला परत दारात ठेवला. गुरुजी चिडले. समोरून दुर्गा ओरडली, "गुर्जी, पोरायले शिकवता अन् तुम्हाले दोन रंग समजत नाही?" दुसऱ्या दिवसापासून समजले.

महिनाअखेर साहेब शेडवर आले. येनूबाईने त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीच्या ओल्या कचऱ्याचं अख्खं पोतं जमिनीवर उलटं केलं. साली, देठ, शिळा भात, चहाची पत्ती. आणि एक स्टीलचा चमचा.

साहेबांनी वाकून चमचा उचलला, उलटसुलट पाहिला.

"हा कुणाचा?"

"उद्या गाडीवर घेऊन फिरतो," मी म्हटलं. "ज्याचा असन तो शिव्या देत येईन."

साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. शेड चालू राहिली. पाचही बाया कामावर राहिल्या. येनूबाईने जाताना मला ओंजळभर काळं खत पिशवीत घालून दिलं. ते मी घरी तुळशीला घातलं. ती तुळस बायकोची. जगली आहे अजून.

आता बाजूच्या वॉर्डात हीच पद्धत सुरू करायची होती. बादल्या आधीच येऊन पडल्या होत्या, परत पाठवता येत नव्हत्या. साहेब म्हणाले, "मुकादम, तिथेही रंग लावत बसणार का?"

मी म्हटलं, "नाही. या खेपेला बादल्या मी वाटतो. तुम्ही हार घेऊन येऊ नका."

सगळ्या बादल्या मनोहरच्या गाडीत मागे कचऱ्यावर टाकल्या आणि एक दिवस गावभर फिरवल्या. मासोळी बाजारातून जरा जास्तच फिरवल्या. संध्याकाळी तशाच वाटल्या, न धुता. बायकांनी नाकाला पदर लावले. मला आणि माझ्या सात पिढ्यांना जे बोलायचं ते बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली तर प्रत्येक दारात दोन बादल्या उभ्या. हिरवीत ओला, निळीत सुका. एकीतही तांदूळ नाही.

सरकारला माझं एवढंच सांगणं आहे. कचऱ्याची वस्तू लोकांना हार घालून देऊ नका, ते ती देवाजवळ ठेवतात.