पातळ तळाचे बूट

चार-दोन पत्रं सोडली तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तेव्हा जमेल तसं सांगतो.

आमचा डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे त्याने दवाखाना काढला, मी बूट शिवायला बसलो. अरेतुरे मात्र सुटलं नाही. रविवारी तो गावाबाहेरच्या लहान धावपट्टीवरून क्लबचं दोन माणसांचं विमान उडवायचा.

तिथली नवी मंडळी चकचकीत जॅकेटं घालून यायची. हा धुऊन धुऊन विटलेल्या सुती शर्टात. "आग लागली तर नायलॉन कातडीला चिकटतं," म्हणायचा. पॅन्टच्या मांडीवर वहिनींनी शिवलेला खिसा, कारण पट्टे बांधून बसलं की बाजूच्या खिशात हात जात नाही. बूट माझे. तळ अगदी पातळ, कारण विमानाचं शेपूट पायांनी वळवायचं आणि पायाला पॅडल कळायला हवं.

"दवाखान्यातलं मशीनही मी पायानेच चालवतो," तो हसायचा. "लोकांची अक्कल गुडघ्यात असते, माझी त्याहून खाली."

"ते शाळेपासून माहीत आहे," मी म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी तो बूट घेऊन आला. "तळ जाड वाटतोय. जरा उतरव." मी रापीने चामडं तासून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा तासायला काही उरलंच नव्हतं. "पॅडल कळत नाही रे," म्हणाला आणि बूट टाकून चपलांवर गेला.

मी आत हात घातला. टाचेतून एक खिळा चांगला वर आला होता. भोवती रक्त वाळलेलं. त्यावर तो चालत आला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. "तुझे पाय सुन्न झालेत."

त्याने दार लोटलं. "हळू बोल. रक्तात साखर आहे. रविवारी नातीला पहिल्यांदा वर नेतोय, तेवढं होऊ दे."

"आणि मग?"

"मगचं मग."

दोन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. शनिवारी मी वहिनींच्या हातात तो खिळा ठेवला.

उड्डाण रद्द झालं. तपासणी झाली, परवाना गेला. तो दुकानात आला, आपले पातळ बूट उचलले आणि दारातून म्हणाला, "पाय माझे सुन्न झाले. जीभ तुझी व्हायला हवी होती."

मी जाड, मऊ बूट करून पाठवले. त्याने पेटीही उघडली नाही. तेच पातळ बूट घालून हट्टाने रस्ते तुडवत राहिला. कुठेतरी काच घुसली, कळली नाही. जखम चिघळली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"भावजी, तुम्ही बरोबरच केलंत," वहिनी म्हणतात. असेल. वरून पडू नये म्हणून बोललो, आणि जमिनीवरही मी त्याला सांभाळू शकलो नाही.

रविवारी जाऊन बसतो. तो गॅलरीत आकाशाकडे बघत असतो. तोच सुती शर्ट, एका पायात तो बूट. माझ्याशी बोलत नाही. एखादं विमान डावीकडे वळलं की त्याचा डावा पाय फरशी हळूच दाबतो.

परवा एक उजवीकडे वळलं. दुमडलेली पॅन्ट जराशी हलली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.