नवस आईचा, उत्तर माझं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेतो. आईला हे ठाऊक होतं आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. बाई म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रचारिका. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गावांतून हिंडून प्रभूची गोष्ट सांगायची, बायकांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायचं, हे त्यांचं काम. तरुणपणीच विधवा झालेल्या. अंगावर पांढरं लुगडं, पायांत पुरुषी वहाणा आणि काखेत चित्रांची गुंडाळी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेवढंच लिहितो.

आमची वस्ती बारामतीच्या कडेला होती. वडील कन्हेरीच्या एका बागाईतदाराच्या मळ्यात वांगी-भेंडीच्या कामाला जात. आमचं घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. आईचं माहेरही तसंच, पण तिच्याकडं जुन्या चाली लवकर सुटल्या नव्हत्या. तिची एक मावशी नवसापायी लहानपणीच देवाला सोडलेली होती. नवस बोलून फेडला नाही तर देव काय करतो, याच्या गोष्टी तिच्याच तोंडून ऐकत आई वाढली. पुढं देवाचं नाव बदललं, पण त्याच्याशी वागायची तिची रीत तीच राहिली.

मी चार वर्षांचा असताना मला घटसर्प झाला. श्वास घेता येईना, तेव्हा आईनं मला मांडीवर घेतलं आणि उशाशी बसलेल्या बाईंच्या देखत ती बोलली, "ह्यो वाचला तर ह्यो तुजा, देवा. तुज्या कामाला देईन. बाई, तुमी साक्षीला हाय." मी वाचलो. त्या दिवसापासून मी प्रचारक होणार हे ठरलं. कुणी मला विचारलं नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला विचारणार तरी काय?

वस्तीत माझं नाव 'देवाचा' पडलं. कुणाकडं भजी तळली की त्या घरातली म्हातारी म्हणायची, "देवाच्याला दोन जास्ती घाला गं, वर वशिला लागतोय." विटीदांडूत मी चिडलो की पोरं ओरडायची, "ए देवाचा, डाव सोड, न्हायतर नरकात जाशील!" भज्यांचं मला काही वाईट वाटत नसे. पण मोठा होत गेलो तसं त्या नावाचं ओझं वाटू लागलं.

रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब सांगत की देवानं जग घडवण्याआधीच आपली माणसं निवडली आहेत. कुंभार मडकं घडवताना मातीला विचारत नाही. पुढच्याच रविवारी ते टेबलावर हात आपटून म्हणत, "आजच निवड करा, उद्यावर टाकू नका!" मी मागच्या सतरंजीवर बसून विचार करी, देवानं निवडलंच आहे तर मी काय निवडू? आणि मी निवडायचं असेल तर त्याचं राज्य कुठवर? इतरांना हा प्रश्न उपासना संपेपर्यंत पुरत असेल. मला तो घरी घेऊन जावा लागे, कारण घरी आई होती.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि आमचे हेडमास्तर वडिलांना म्हणाले, "याचं गणित चांगलं आहे. पुण्याला कॉलेजात घाला, फीमाफीचं मी बघतो." आमच्या घरात चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. वडील खूश झाले आणि लगेच गप्प झाले, कारण आईनं प्रचारकांच्या शाळेत जाण्यासाठी माझे दोन सदरे आधीच शिवून ठेवले होते. तिला कॉलेजाचा राग नव्हता. तिला भीती होती. दिलेलं मूल दुसरीकडं पाठवलं तर देव ते परत नेईल, असं तिला खरोखर वाटे. त्या उन्हाळ्यात मला नुसता खोकला आला तरी ती भाकरी थापायची थांबायची.

मी बाईंकडं गेलो आणि सगळं एका दमात सांगितलं. शेवटी विचारलं, "देवानं ठरवलंय ते खरं, की मी ठरवीन ते खरं?"

बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "सोमवारपासून मी इंदापूरकडं फेरीला निघतेय. तीन आठवडे. चल माझ्याबरोबर. नाही म्हणायचं असलं तर काम बघून म्हण. हो म्हणायचं असलं तरी बघूनच म्हण."

आम्ही थोडं एस.टी.नं, पुष्कळसं पायी हिंडलो. चित्रांची गुंडाळी माझ्याकडं आणि पाण्याची बाटली बाईंकडं. भवानीनगरला तेव्हा कारखाना नुकता उभा राहत होता. तिथं एका ऊसवाल्या तात्यांच्या ओट्यावर बाईंनी चित्रं मांडली. दहा-बारा माणसं जमली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, येक इचारू? तुमचा देव समदं आधीच ठरवतो म्हन्ता. मग तुमी उन्हातान्हात कशाला हिंडता? ठरलंय ते व्हईल की!"

सगळे हसले. मी मात्र कान टवकारले, कारण हा माझाच प्रश्न होता.

बाई म्हणाल्या, "तात्या, ऊस किती उतरणार ते तुमच्या हातात आहे का?"

"न्हाय बा."

"मग उसाची लागण कशाला करता?"

"न्हाय केली तर आमची बायकू जेवाय घालत न्हाय!"

"मलाही घरातूनच धाक आहे, तात्या," बाई वर बोट करून म्हणाल्या, आणि मग हशा इतका झाला की आतून तात्यांची कारभारीण डोकावली आणि आम्हा दोघांना जेवायला बसवूनच तिनं सोडलं.

मला उत्तर पटलं नव्हतं. वाटेत मी तसं म्हणालो. "मलाही ते पुरं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण जेवण चांगलं होतं."

फेरीच्या शेवटी आम्ही नरसिंहपूरला पोचलो. भीमा-नीरेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या एक म्हातारा झाडत होता. देवळाचा नगाराही तोच वाजवी. बाईंची त्याची जुनी ओळख. "आबा, कसं काय?" म्हणत त्या पायरीवर बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "यांनाही आईनं लहानपणी देवाला वाहिलं होतं. तुला काय विचारायचं ते यांना विचार."

मला वाटलं, हा माणूस माझ्या बाजूचा निघणार. मी विचारलं, "आबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"कोन इचारतंय, पोरा! सा वर्सांचा हुतो. आईनं हितंच पायरीवर बसिवलं, डोक्यावनं हात फिरीवला आन् गेली."

"मग पळून का नाही गेलात?"

"गेलो की. दोनदा." त्यानं खराटा भिंतीला टेकवला. "पयल्यांदा धरून आनलं, दोन दिस कोंडलं. दुसऱ्यांदा टेंभुर्णीपतुर गेलो. तितं येका हाटेलात कपबश्या धुतल्या. वाट बघितली, आता येतील, मग येतील. कुनीच न्हाय आलं धराया. म्हैना गेला."

"मग?"

"मग आलो माघारी."

"का पण?"

"आता का म्हन्जी? कुनी आनाय आलं न्हाय म्हनून." तो हसला. "त्या दिसापासनं नगारा माजा हाय. आदुगर आईचा हुता."

 परत निघाल्यावर आम्ही कोसभर चाललो. मग मी म्हणालो, "म्हणजे देवाचंच खरं झालं. पळून गेले तरी परतच आले."

बाई म्हणाल्या, "धरून आणलेला माणूस आणि आपण होऊन आलेला माणूस, दोघं एकाच पायरीवर बसले तरी एकच का रे? आपल्या प्रभूनंसुद्धा क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत आधी स्वतःला काय हवं ते सांगितलं. दुःख टळावं असं त्याला वाटत होतं, ते त्यानं लपवलं नाही. मग ते पित्याच्या हाती दिलं. स्वतःची इच्छाच नसती तर दिलं काय असतं त्यानं?" मग त्या म्हणाल्या, "देव सगळं धरून आहे, हे मी मानते. आणि तो आपल्याला मोकळं सोडतो, हेही मानते. दोन्ही कसं जमतं ते मला कळत नाही. पाळकसाहेबांना विचार, त्यांना कळलं असेल तर मलाही सांग."

बारामती जवळ आली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मला कॉलेजात जायचंय."

"हे मला नको सांगू. आईला सांग. मी शेजारी बसते."

आईला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, ती बाईंकडं वळली. "म्या शबूद दिलाय, बाई. तुमी साक्षीला हुता."

"होते. तू मूल देवाला दिलंस, माझ्या देखत दिलंस."

"मग?"

"मग आता ते तुझं कुठं राहिलं, तू इथं जा, तिथं जा म्हणायला? दिलं ते दिलं. आता तो आणि देव बघतील."

 आई अगदी हळू म्हणाली, "आन् त्यानं ह्याला माघारी नेलं तर?"

"देव डूख धरत नाही गं."

"तुमी शिकल्याल्या हाय. माज्या मावशीला जाऊन सांगा."

बाईंनी यावर वाद घातला नाही. त्या तिच्याजवळ सरकल्या आणि तिचा हात धरून बसल्या. वडील इतका वेळ दारात उभे होते. ते म्हणाले, "जाऊंद्या त्याला. देवाला काय गणित येनाऱ्या मानसाचं वावडं हाय?" आई रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच दोन सदरे माझ्या पेटीत भरले.

पुण्यातली चार वर्षं मी इथं लिहीत नाही. ती अभ्यासाची होती आणि बऱ्याचदा उपाशीपोटीही होती, पण मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फक्त एक सांगायला हवं. आईची भीती माझ्यातही आली होती. थोडा ताप भरला की मला वाटे, आला देव न्यायला. मनानं बाईंचं ऐकलं होतं, पण अंगात आईच होती. दुसऱ्या वर्षी मला हिवताप झाला तेव्हा मी घरी कळवलंच नाही. बाईंना मात्र कळवलं. उलट टपाली त्यांनी लिहिलं की तू आईला खरं लिही, मी ते तिला वाचून दाखवीन आणि ती झोपेपर्यंत तिच्याजवळ बसेन. आईला वाचता येत नव्हतं. माझं प्रत्येक पत्र तिला बाईंनीच वाचून दाखवलं. चार वर्षं, दिवसभर गावं हिंडून आल्यावर, दुखऱ्या पायांनी.

मी बी.ए. झालो आणि इंदापूरच्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होणार, असं ठरलं. बाई नुकत्याच निवृत्त होऊन इंदापूरजवळ भाचीकडं राहायला गेल्या होत्या. मी घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुला येक सांगायचं ऱ्हायलंय. बाईंची लई इच्छा हुती, त्यांच्या मागं तू त्यांचं काम करावंस. तू धाकला हुतास तवापासनं त्या त्येच मागत हुत्या देवाकडं. मला म्हनाल्या, त्याला कळू देऊ नगंस."

मी त्याच दुपारी ओसरीवर बसून बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडं आहे, ती इथं देतो.

"तीर्थरूप बाईंस कृतानेक नमस्कार.

मी पास होऊन घरी आलो. दुसरा वर्ग मिळाला. पुढच्या महिन्यात इंदापुरात रुजू होईन, म्हणजे आता तुम्ही जवळ आलात.

आईनं मला तुमची इच्छा सांगितली. तिच्यावर रागावू नका. ती ऐकल्यापासून मी दुसरा विचार करू शकलो नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी प्रचारकांच्या शाळेत गेलो असतो, हे तुम्हाला माहीत होतं. आईचा नवस तुमच्या बाजूचा होता, साक्ष तुमची होती, आणि मी तुमचं कधी मोडलं नसतं. तरी तुम्ही मला तीन आठवडे बरोबर हिंडवून मोकळं सोडलंत. पाळकसाहेब देवाच्या सत्तेबद्दल सांगत तेव्हा मला ती मुठीसारखी वाटे. जो बळजोरी करू शकतो पण करत नाही, त्याची सत्ता मोठी, हे मला तुमच्यावरून कळलं. देव तुमच्याहून थोर आहे, म्हणून त्याची मला आता भीती वाटत नाही.

मला अजून प्रचारकाच्या कामाची हाक ऐकू आलेली नाही. आली असं खोटं लिहून तुम्हाला बरं वाटावं, असं तुम्हालाच आवडणार नाही. आली तर मी उत्तर देईन. ते काय असेल हे आज मला माहीत नाही, पण ते माझं असेल. सध्या मुलांना भूमिती शिकवायची आहे आणि ते काम मी आनंदानं पत्करलं आहे.

आईचं सांगायचं राहिलं. काल रात्री मी तिला विचारलं, अजून भीती वाटते का? ती म्हणाली, 'तू देवाचा हायस का न्हायस ते तू आन् त्यो बघा. बाईंनी सांगून चार वर्सं झाली, मला आत्ता ऐकू आलं.' आणि कूस बदलून झोपली. सकाळी वडिलांनी हाक मारली तेव्हा उठली. ते म्हणाले, असं कधी झालं नव्हतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी येतो. पायाला तेल लावत जा, आणि भाचीच्या मुलाचं गणित कच्चं आहे असं ऐकलं, त्याला वही घेऊन बसायला सांगा.

तुमचा आज्ञाधारक विद्यार्थी."