सकाळचं वजन, दुपारचं वजन

दोना झुल्मिराच्या हातांना उंदरांच्या मुताचा वास येतो, हे बेलो होरिझोंतेच्या बसमधल्या लोकांनाही ठाऊक आहे. ती बसली की शेजारची जागा रिकामी होते. चीजपाव ती कागदात धरून खाते आणि बोट लागलेला शेवटचा तुकडा टाकून देते. सव्वीस वर्षं ती आमच्या संस्थेच्या उंदीरखान्यात आहे. तिचे पिंजरे मी वाफेच्या भट्टीत घालून काढतो, त्यामुळे त्या वासाबद्दल मी खात्रीने सांगू शकतो. तो धुऊन जात नाही.

सहा वर्षं डॉक्टर आदेमार फ्लूची नवी लस करत होते. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो, आणि कोंबडीच्या अंड्यांत जुन्या पद्धतीची लस तयार होईपर्यंत निम्मा हिवाळा सरतो. डॉक्टरांच्या लसीत विषाणू नव्हताच. त्याचं एक प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा डीएनए, बस. तो उंदराच्या मांडीत टोचायचा, वर विजेचा बारीक झटका द्यायचा, की शरीर स्वतःच ते प्रथिन बनवतं आणि लढायला शिकतं. दहा उंदरांना लस, दहांना नुसता रिकामा डीएनए. मग सगळ्यांच्या नाकात फ्लू सोडायचा.

त्यापुढचं काम झुल्मिराचं. रोज वजन करायचं. वीस ग्रॅमचा उंदीर पंधराच्या खाली गेला की त्याचे हाल थांबवायचे: मानेवर पेन्सिल दाबायची, शेपूट ओढायची, वहीत ‘मेला’ लिहायचं.

उंदीरखान्याचा एक नियम आहे. कमी आजारी पिंजऱ्याकडून जास्त आजारी पिंजऱ्याकडे जायचं, उलट कधीच नाही. झुल्मिराने तो कधी मोडला नाही. लसवाले कमी आजारी धरायचे, म्हणून सकाळी सातला ती आधी त्यांना तोलायची. मग त्यांचे पिंजरे बदलायचे, हातमोजे टाकायचे, अंघोळ, कॉफी. रिकाम्यांपाशी पोचेपर्यंत एक वाजायचा. तीन प्रयोगांत लसवाले जगले, रिकामे मेले. डॉक्टरांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि लेखकांत तिचंही नाव घालतो म्हणाले. तिने हे बहिणीला फोनवर सांगितलं. बहीण म्हणाली, “म्हणजे उंदरांची बाई छापून येणार. फोटोत हात मागे धर हो.”

निबंधाआधी एक चौथा प्रयोग हवा होता. त्याच्या सहाव्या दिवशी वजनकाटा तपासणीला नेला, तो परत आला दुपारी एकला. झुल्मिराने नेहमीप्रमाणे आधी लसवाले घेतले. चौदा पूर्णांक सहा. चौदा पूर्णांक चार. दहांतले सात पंधराच्या खाली. तिने काट्यावर पितळी वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

तिने पेन्सिल उचलली नाही. खाद्याच्या पोत्यावर बसून राहिली. उंदीर रात्रभर खातो आणि दिवसा झोपतो. सकाळी सातला त्याचं पोट भरलेलं असतं, दुपारी एकला रिकामं. फरक ग्रॅमभराचा. हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, आणि जगण्या-मरण्यामधलं अंतरही ग्रॅमभराचंच होतं.

“एकांना जेवल्यावर तोललं,” ती म्हणाली, “आणि दुसऱ्यांना उपाशी तोलून मारलं.”

मी तिला गप्प बस म्हणालो. उंदीर शेवटी मरतातच, नाव मात्र एकदाच छापून येतं, असंही म्हणालो. पिंजऱ्याखालचा ट्रे बघावा तसं तिने माझ्याकडे बघितलं. ते वाक्य अजून माझ्या तोंडात आंबट होऊन राहिलंय.

दुसऱ्या दिवशी तिने पिंजरे बदलायचं काम मागे ठेवलं आणि विसाच्या वीस उंदीर साडेसातच्या आत तोलले. लसवाल्यांतला एक पंधराच्या खाली होता, रिकाम्यांतलाही एकच. ती वही घेऊन वर गेली. पिंजऱ्यांची गाडी ढकलत मीही गेलो. दार उघडंच होतं.

डॉक्टरांनी तिला कॉफी दिली. तिने कप तसाच ठेवला.

“नियमात वेळ कुठे लिहिलीय, दोना झुल्मिरा?”

“वहीत लिहिलीय. प्रत्येक वजनापुढे.”

“तो रकाना कोण वाचतं?” ते हसले. मग आवाज मऊ झाला. दुपारचं पान बाजूला ठेवायचं, पुढचा प्रयोग नीट करायचा. निबंध मात्र शुक्रवारी जाणार. “तुमचं नाव आहे त्यात.”

“म्हणूनच आले. माझ्या नावाला आधीच मुताचा वास आहे. त्यावर हा आणखी नको.”

“दर हिवाळ्यात म्हातारी माणसं मरतात, बाई, आणि तुम्ही मला ग्रॅम मोजून दाखवता.”

“ग्रॅम मोजायलाच ठेवलंय तुम्ही मला.”

त्या आठवड्यात ती रोज सगळ्यांना एकाच वेळी तोलत राहिली. शेवटी लसवाले सहा जगले, रिकामे पाच. सहा वर्षं, आणि एक उंदीर. तिने जुन्या तिन्ही वह्या काढल्या, वेळेच्या रकान्याखाली लाल रेघा ओढल्या आणि गुरुवारी प्रयोगातल्या प्राण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे नेऊन ठेवल्या. समितीने निबंध थांबवला. डॉक्टरांचे विद्यार्थी आता जिन्यात ती दिसली की नाकाला हात लावतात. एकाने तर माझ्यासमोर लावला, आणि मी गाडी ढकलत पुढे गेलो.

दोन महिन्यांनी उंदीरखान्याच्या दारावर सूचना लागली: नवी पद्धत. सर्व उंदरांचं वजन सकाळी आठच्या आत. एक पिंजरा लसीचा, एक रिकाम्यांचा, आलटून पालटून. खाली डॉक्टर आदेमार यांची सही, शिक्का आणि तारीख.

झुल्मिराने ती पूर्ण वाचली. बेसिनमध्ये थुंकली, नळ सोडला, हातमोजे चढवले. आत नवे वीस उंदीर आले होते. तिने पहिला पिंजरा ओढला, तो रिकाम्यांचा होता.